दोन जावा आणि वेळेवर येणारा मिस्त्री

एका जंगलात, बाळांनो, माणसं राहत नव्हती. त्यामुळे भांडणं प्राण्यांनाच करावी लागत.

तिथे विटांच्या एका घरात साळिंदरांच्या दोन सुना राहायच्या. थोरली सगुणाबाई, धाकटी वेणू. दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एक भिंत होती आणि भिंतीत दाराएवढी वाट. दार मात्र नव्हतं. दोन पावलं टाकली की या चुलीपासून त्या चुलीपाशी.

एकदा वेणू मीठ मागायला आली. तव्यावरच्या भाकरीकडे बघून म्हणाली, "करपली वाटतं, अक्का."

झालं! सगुणाबाईंचे काटे उभे राहिले. साळिंदरांचे खरोखरच राहतात. जवळ बसणाऱ्याने सांभाळून असावं.

त्याच सुमारास शहराकडून आलेल्या सशाने जंगलात 'प्रायव्हसी' आणली होती. ती खातात की पांघरतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण हवी सगळ्यांना होती.

"मला माझी प्रायव्हसी आहे," सगुणाबाई म्हणाल्या.

"मग मला नाही का?" वेणू म्हणाली.

एवढ्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. वाट बुजवायची ठरली.

मुंगूस मिस्त्री आला. त्याने विटा भिजवल्या, भिंत सरळ येते का बघायला ओळंबा सोडला, जुन्या भिंतीत नवी वीट गुंतवत थरावर थर चढवला. फक्त सगळ्यात वरचा थर सोडला.

"तो का सोडला?" सगुणाबाईंनी विचारलं.

"ताजं काम खाली बसतं, बाई. आत्ताच भरला तर भेग पडेल. नवव्या दिवशी येऊन भरतो."

सगुणाबाई मनात हसल्या. असं सांगून गेलेला गवंडी आजवर कधी आला होता?

दोन दिवस भाकरीला कोणी नावं ठेवली नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी टम्म फुगली आणि सगुणाबाईंना रडूच आलं. दाखवायची कोणाला?

चौथ्या दिवशी त्यांनी भाकरी तव्यावर मुद्दाम राहू दिली. धूर वरच्या फटीतून पलीकडे गेला. पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज झाला आणि फटीत दोन डोळे दिसले.

"करपली वाटतं, अक्का."

"करपेल नाही तर काय! लक्ष ठेवायला आहे कोण इथे?"

तेव्हापासून दोन्हीकडे एकेक स्टूल कायमचं राहिलं. फटीतून आमटीची वाटी जायची आणि परत येताना रिकामी यायची नाही.

आणि नवव्या दिवशी, काय सांगू बाळांनो, मिस्त्री खरोखरच आला! भिजवलेल्या विटा घेऊन आला.

दोघी आपापल्या स्टुलावर चढल्या.

"भिंत अजून बसली नाही," सगुणाबाई म्हणाल्या.

"बसली की, बाई. हा बघा ओळंबा."

"ओळंबाच वाकडा आहे!" फटीतून वेणू ओरडली.

हे त्यांचं दुसरं एकमत.

"मग भिंत पाडून टाकू का?" मिस्त्रीने भाबडेपणाने विचारलं.

"खबरदार!" दोघी म्हणाल्या. "आमची प्रायव्हसी आहे ती!"

काटे उभे राहिलेले बघून मिस्त्री घमेलं टाकून पळाला. हा मिस्त्री सांगितल्या दिवशी येतो, अशी बदनामी जंगलभर झाली. बुजू नये अशी एखादी फट प्रत्येकाच्या घरात होतीच. महिनाभर त्याला कोणी दारात उभं केलं नाही. मग तो शहाणा झाला. आता "उद्या नक्की येतो" म्हणतो आणि येत नाही. हल्ली त्याला कामातून श्वास घ्यायला फुरसत नाही.

तात्पर्य : बाळांनो, दिलेला शब्द नेहमी पाळावा. मात्र मोठेपणी गवंडी झालात, तर आधी लोकांच्या संसाराचा विचार करावा.