चौकोनातली विहीर

लातूरच्या नव्या फ्लॅटमध्ये उज्वलाने सोफ्यामागच्या भिंतीवर चित्र लावलं. चौरस कॅनव्हास, त्यावर निळे-पिवळे चौकोन, मधून एक राखाडी पट्टा आणि वरच्या कडेला टेकलेला काळा गोल. ऑनलाइन मागवलेली छापील प्रत होती, पण तिचा थाट असा की चित्रकार माहेरचाच. आपल्या निवडीबद्दल उज्वलाला कधी शंका येत नसे. नवरा शिवशंकर हीसुद्धा तिचीच निवड असल्यामुळे तो या विषयावर गप्प राही.

रविवारी उमरीकडच्या गावाहून थोरले दीर शेषेराव घर बघायला आले. दोघा भावांची शेती अजून एकत्र होती आणि ती शेषेरावच कसत. ते सोफ्यावर बसलेच नाहीत. चित्रासमोर उभे राहिले ते चहा निवेपर्यंत.

"हे कोणं ठरवलं?"

"मीच, दादा. महिनाभर विचार करून."

"आन् शिवाला पसंत हाय?"

"त्यांनीच तर टेप लावून मोजून दिलं."

शेषेरावांनी गोलावर बोट ठेवलं. "ह्यो वरच कामून?"

"वरच पाहिजे. खाली आला की सगळं बिघडतं."

शेषेराव चहाला न शिवता, न जेवता निघून गेले. भाजी अजून वाढलीही नव्हती, त्यामुळे दोष तिला देता येईना.

उलगडा संध्याकाळी सासूबाईंच्या, पार्वतीबाईंच्या फोनने झाला. भावकीत बोभाटा झाला होता की धाकटीने शेताच्या वाटणीचा रंगीत नकाशा करून भिंतीवर टांगलाय. निळं ते बागायती, पिवळं ते कोरडवाहू, पट्टा ही गाडीवाट आणि काळा गोल म्हणजे विहीर. वाटणी झालीच तर वरचं अंग धाकट्याचं, खालचं थोरल्याचं, असं वडील बोलून गेले होते. म्हणजे विहीर शिवाच्या घशात.

"म्या जित्ती हाय तवर वाटणी मांडली, माय," एवढंच बोलून त्या रडू लागल्या.

शिवशंकरचा चेहरा उतरला. दादांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. चित्र आत्ताच्या आत्ता उतरव, असं तो म्हणाला. उज्वलाने साफ नकार दिला. उतरवलं तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, त्यापेक्षा सगळ्यांना बोलवा, असं तिचं म्हणणं.

पुढच्या रविवारी जीप भरून भावकी आली. शेताच्या उजव्या अंगाला ज्याचा बांध लागून होता, तो चुलतभाऊ पंढरी न बोलावता आला. हे चित्र कशाचंच नाही, असं उज्वलाने परोपरीने सांगितलं. कशाचंच नसलेलं चित्र पैसे मोजून कोण घेतं, असं पंढरीने विचारलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मग ती तावातावाने सोफ्यावर चढली आणि चित्र उतरवून उलटं टांगलं.

"बघा. कसंही लावा, तेच आहे."

गोल खाली आला होता. शेषेरावांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या.

"आता बराबर हाय," ते म्हणाले. "पर भिंत तुझी हाय. तू आपलं वरच ठेव. मला असंच एक आणून दे, माझ्या भिंतीला मी माझ्या मनानं लावतो."

तशी दुसरी प्रत आली. लातुरात विहीर धाकट्याची, गावात थोरल्याची आणि जमीन होती तशी एकत्र. दोन्ही घरं खूष झाली. पार्वतीबाई तर दोन्हीकडे गोलाला हळदकुंकू लावू लागल्या आणि उज्वलाने कलेवरचे डाग हसून सोसले.

महिन्याभराने पंढरीने ते चित्र कुठे मिळतं म्हणून फोन केला. गावात कलेची गोडी लागतेय, या आनंदात तिने लगेच लिंक पाठवली. दिवाळीला गावी गेल्यावर ती मुद्दाम त्याच्याकडे चित्र बघायला गेली. पंढरीने चहा पुढे केला. भिंतीवर चित्र आडवं टांगलेलं होतं. गोल उजव्या कडेला, थेट बांधाला टेकला होता.

"तुमीच म्हनल्या व्हत्या ना वैनी, कसंबी लावा, तेच हाय," पंढरी म्हणाला.

 त्या चित्रात उज्वलाला पहिल्यांदाच विहीर दिसली, आणि ती चहाला न शिवता उठली.