भडकनाथ आधी गाव विचारतो

तालुका राक्षस-झुंज स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मालन थोरवतच्या भडकनाथाने समोरच्या राक्षसावर जाळ फेकण्याआधी त्याला गाव विचारले.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" असे तो पडद्यावरून म्हणाला. व्हिडिओ गेममधला राक्षस बोलला याचे सभागृहात कुणाला काही वाटले नाही. राक्षस बोलायचेच, काही तर नको इतके बोलायचे. आक्षेप निघाला तो वेगळाच. भडकनाथाची नोंद हल्लेखोर गटात होती आणि हल्लेखोराने चौकशा करत बसणे शिस्तीला धरून नाही, असे पंच कुंभोजकरांचे मत पडले.

समोरचा राक्षस कवठ्याचा निघाला. त्याचे अंडे ज्या घरात उबले, त्या घरची सून भडकनाथाच्या गावची. म्हणजे भडकनाथ त्याचा मामा झाला. मामावर पंजा कसा उचलायचा? कवठ्याच्या राक्षसाने वाकून नमस्कार केला आणि तो मैदानाबाहेर गेला. मैदान सोडेल तो हरला, हा नियम. आधीच्या फेऱ्याही भडकनाथाने अशाच जिंकल्या होत्या. एकीकडे आत्तेभाऊ निघाला होता, एकीकडे भावकीतला काका.

खरे तर भडकनाथासारख्या राक्षसाचे काम अगदी साधे असते. त्याच्या अंगात जाळ भरपूर, पण हाड नाजूक. एक फटका बसला की आडवा. म्हणून अशाने समोरच्याला श्वास घ्यायला न देता पहिला वार करायचा, आणि तोही असा की दुसऱ्याची गरज पडू नये. हे मालनला कुणी सांगितले नाही असे नाही. ज्याला गेममधले कळते त्यानेही सांगितले आणि ज्याला कळत नाही त्याने तर दोनदा सांगितले.

पण दोष घराचा होता. थोरवतांचे घर एसटी स्टँडच्या समोर. गाडी चुकलेला, गाडीला वेळ असलेला, नुसताच ऊन लागलेला, जो तो त्यांच्याकडे टेकायचा. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि भडकनाथ टीव्हीत. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याने दुसरे काही ऐकलेच नव्हते. माणूस आत आला की आधी पाणी, मग गाव, मग आडनाव, मग आजोळ, आणि कुठे ना कुठे धागा जुळला की चहा. जाळ फेकणे हा प्रकार त्याला थेट मैदानात कळला, आणि तोवर वळण लागून गेले होते.

उपांत्य फेरीनंतर समितीची बैठक झाली. कुंभोजकरांनी निर्णय वाचून दाखवला. "हल्लेखोर म्हणून नोंदलेल्या राक्षसाने अंतिम सामन्यात किमान एक हल्ला करणे बंधनकारक राहील. तसे न झाल्यास चषक प्रतिपक्षास देण्यात येईल व सदर राक्षस कायमस्वरूपी पेटीत जमा करण्यात येईल."

चषकाचे मालनला फारसे नव्हते. पेटीची मात्र तिला धास्ती होती. पेटी म्हणजे गेममधली अडगळीची खोली. बारीक बारीक चौकोन, एकेका चौकोनात एकेक बिनकामाचा राक्षस, आणि तिथे कुणी येत नाही की जात नाही. मालनने ती एकदाच उघडली होती, भडकनाथाच्या थोरल्या बहिणीला ठेवायला. बहिणीचे नाव झुळूक. तिला गार वारा सोडण्यापलीकडे काही येत नव्हते आणि नियमाप्रमाणे अशांना बाहेर जागा नव्हती. चौकोनात बसल्यावर झुळूक म्हणाली होती, "जा तू, माझी काळजी करू नको." हे आठवले की मालन अजून भरल्या पानावरून उठत असे. बोलायची सवय असलेला भडकनाथ तिथे काय करणार? भिंतीला गाव विचारणार?

"एकदाच मार," ती त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्याला म्हणाली. "हळू मार. पण मार, बाबा."

"मारतो की," भडकनाथ म्हणाला. "नातं नसलं म्हंजे झालं."

अंतिम सामना जोडीचा असतो. प्रत्येकाने आपल्या राक्षसाबरोबर एक सोबती उतरवायचा, तो पेटीतला असला तरी चालतो. मालनकडे दुसरे कोण होते? तिने पेटी उघडली आणि झुळुकीला बाहेर आणले. इतके दिवस कोंडून राहूनही ती तशीच टवटवीत होती. भावाला बघून तिने आनंदाने असा वारा सोडला की त्याचा जाळ क्षणभर विझलाच.

प्रतिपक्ष होते तासगावचे कोठावळे वकील. त्यांचा राक्षस बुरूज, नावाप्रमाणे दगडी. तो कुणावर हल्ला करत नसे. समोरचा थकून जाईपर्यंत नुसता उभा राहायचा, आणि आजवर सगळे थकले होते. त्याला पायापासून डोक्यापर्यंत चिलखत होते, कान तेवढे मऊ. कानावर कुणी हल्ला करील असे गेम बनवणाऱ्यांच्या मनात आले नव्हते. सोबतीला टिटवी होती. तिच्या किंचाळण्याने भलेभले गप्प होत.

घंटा झाली. मालनने बटणावर बोट ठेवले आणि डोळे मिटले. पहिल्या रांगेत तिचे यजमान दिनकरराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" भडकनाथाने विचारले.

"तासगाव," बुरूज म्हणाला. "आजोळ जत."

भडकनाथाने पुष्कळ शोधले. जतमध्ये आपले कोणी नाही. तासगावात ओळखीचे आहेत, पण नात्यातले नाहीत. शेवटी तो मागे वळून म्हणाला, "मालनवैनी, काय लागत न्हाईत हे आपलं."

मालनला इतका आनंद झाला की खुर्चीतून ती अर्धी उठली. "मग हाण," ती म्हणाली.

भडकनाथाने छाती भरून घेतली. नाकपुड्यांतून धूर निघाला. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आले की बुरूज त्याच्याकडे बघतच नाही. तो झुळुकीकडे बघत होता. झुळूक जमिनीकडे बघत होती, आणि वारा जरा जास्तच मंद सुटला होता.

भडकनाथाने तोंड मिटले. धूर कानांतून गेला.

"वैनी," तो म्हणाला, "हे स्थळ हाय."

"काय आहे?"

"स्थळ. ताईसाठी. आता होऊ घातलेल्या दाजींवर जाळ टाकायचा व्हय?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, मुलगा शांत आहे. कोणी म्हणाले, मुलीकडचे जरा तापट दिसतात, पण मनाने चांगले असावेत. कुंभोजकरांनी टेबलावर टकटक करून शांतता मागितली आणि वकिलांना त्यांचे म्हणणे विचारले.

कोठावळे वकिलांचा हिशेब मनात क्षणात झाला. सोयरीक जुळली की भडकनाथ जन्मात हल्ला करणार नाही. हल्ला नाही म्हणजे चषक आपला. ते उठून उभे राहिले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "मुलाची पसंती आहे. आमची ना नाही. मानपान तेवढा व्यवस्थित व्हावा."

मालन पेचात सापडली. एका बाजूला झुळुकीचे कल्याण, पेटीतून कायमची सुटका, भल्या घरात जाणे. दुसऱ्या बाजूला भडकनाथाचा तो चौकोन. नाही म्हणावे तर बहीण परत आत, हो म्हणावे तर भाऊ. तिने रडवेल्या चेहऱ्याने यजमानांकडे पाहिले. दिनकरराव उजवा कान चोळत बसले होते. लग्नाची बोलणी कुठेही निघाली की त्यांचा हात आपोआप तिथे जात असे.

मालन त्या कानाकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला.

"ठरलं," ती म्हणाली. "पण लग्न आत्ताच, हितंच. पुढच्या मुहूर्ताला माझ्याच्यानं थांबवणार न्हाई."

लग्न ही खेळी होते की नाही, असा प्रश्न उभा राहिला. कुंभोजकरांनी बराच वेळ विचार केला. राक्षसाला हल्ल्याआधी बळ गोळा करण्यासाठी तयारीची खेळी घेता येते, आणि ती कशी असावी हे कुठे सांगितलेले नाही, असे त्यांनी जाहीर केले. "लग्न हे तयारीच्या खेळीत धरण्यात येत आहे. उभय पक्षांनी वेळेचे भान ठेवावे."

मग काय, सभागृहाचे कार्यालय झाले. उपाहारगृहातून तांदूळ आले, कुंकू आले, रांगारांगांतून अक्षता वाटल्या गेल्या. पडद्यावर कुणाच्या तरी शालीचा अंतरपाट धरला. मंगलाष्टके टिटवीने म्हटली. ती अत्यंत बेसूर झाली, त्यामुळे कुणाला वेगळे काही वाटले नाही. मधेच वकील आपल्याला पुढची खुर्ची दिली नाही म्हणून रुसले. दिनकररावांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि लिंबू सरबत पाजले. होमासाठी विस्तव भडकनाथानेच दिला. बहिणीच्या हातात लाह्या घालताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि मालनचे तर केव्हाच वाहत होते.

"झालं का सगळं?" कुंभोजकरांनी विचारले.

"सगळं झालं," वकील म्हणाले. "आता नाते लागले. हल्ल्याचा प्रश्न उरत नाही. चषकाचे तेवढे बघा."

"एक ऱ्हायलं," मालन म्हणाली. "नवरीच्या भावाचं."

वकिलांना ते कळले नाही. त्यांच्या पत्नीला भाऊ नव्हता, त्यामुळे त्यांच्या लग्नात कानपिळी झालीच नव्हती. बाकी सभागृहाला मात्र चटकन कळले आणि मागच्या रांगेपासून हसू पुढे येत गेले. दिनकररावांनी दोन्ही कान हातांनी झाकले.

भडकनाथ पुढे झाला. "दाजी," तो हात जोडून म्हणाला, "राग मानू नका. रीत हाय." मग त्याने बुरुजाचा उजवा कान धरला आणि पिळला.

सगळ्या फेऱ्यांमध्ये न वापरलेली ताकद त्या पिळण्यात होती. बुरूज आधी लाल झाला, मग पांढरा. आजवर कुणाला न हललेला तो दगडी देह एका गुडघ्यावर आला आणि नंतर समाधानाने मैदानात आडवा झाला. झुळुकीने धावत जाऊन त्याला वारा घातला.

कुंभोजकर उभे राहिले. "हल्ला नोंदवला आहे," ते म्हणाले. "प्रतिपक्ष आडवा आहे. विजेते भडकनाथ."

टाळ्या थांबेनात. मालनने कुणाचाही विचार न करता दिनकररावांना सगळ्यांसमोर मिठी मारली. कान पिळणाऱ्याला आहेर द्यावा लागतो, हे कुणीतरी वकिलांच्या कानात सांगितले. ते स्वतःशीच हसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पडद्याकडे धरली. ती भडकनाथाला जरा मोठी झाली, पण शोभली.

झुळूक तासगावला नांदायला गेली. पेटीतला तिचा चौकोन रिकामाच आहे. भडकनाथ टोपी घालून थोरवतांच्या बाहेरच्या खोलीत असतो.

परवा एक गृहस्थ गाडी चुकली म्हणून आत टेकले. मालनने पाणी दिले. भडकनाथाने टीव्हीतून विचारले, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"तासगाव."

"मग आमच्या ताईला एक निरोप द्या. म्हणावं, भाऊबीजेला येतोय."

गृहस्थांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मान डोलावली. "अजून काही?"

"दाजींना सांगा," भडकनाथ म्हणाला, "कान उघडं ठेवून बसा. आता फकस्त गप्पा मारायला येतोय."

मालनने चहाला आधण ठेवले.