मेश्राम सरांची अठरावी मुलगी

"अभिनंदन करा, आमच्या बाईला आज अठरावी मुलगी झाली!"

लिफ्टमध्ये मेश्राम सर असं म्हणाले तेव्हा माझी बायको घाबरून दुसऱ्याच मजल्यावर उतरली. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मस्कतच्या बौशर भागात सर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे भंडाऱ्याचे. तिथल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांची 'बाई' म्हणजे यीस्टची एक पेशी. पाव फुगवतं तेच यीस्ट. तिला अंकुर फुटला की सर सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक सुईनं लेक अलगद बाजूला करायचे आणि म्हातारी होईपर्यंत तिला किती लेकी होतात ते मोजायचे.

"भाऊ, म्हातारपण सुरकुत्यांत नसते," शुक्रवारच्या चहावर ते मला समजवायचे. "पेशीत प्रथिनं बनवणारे कारखाने असतात, रायबोसोम. त्यांचा नकाशा डीएनएत पुन्हा पुन्हा लिहिलेला, एकाच ओळीची शंभर पारायणं! मग नक्कल करताना घोळ होतो. एखादा तुकडा सुटतो, त्याची रिंग बनते. अशा रिंगा साचत जातात अन् आई थकते."

"आणि लेक?"

"लेक कोरी! पसारा सगळा आईपाशी. खलास!"

मग लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी, सरांच्या बायकोला, वंदनावहिनींना दिवस गेले. सरांच्या लिफ्टमधल्या घोषणा एकदम बंद झाल्या. चहाला यायचे, पण बशीकडे बघत बसायचे.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. माझ्याच गाडीतून आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. बाहेरच्या बाकावर सर हळूच म्हणाले, "भाऊ, एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच नाही. फार म्हाताऱ्या आईच्या शेवटच्या लेकी कोऱ्या नाही निघत. जन्मतःच थकलेल्या असतात."

"सर, वहिनी म्हणजे यीस्ट नव्हे."

सर उठले आणि बंद दारासमोर येरझाऱ्या घालू लागले.

दुपारी मल्याळी नर्स बाहेर आली. "बेटी है. दोनों एकदम ठीक."

सर परत बाकावर येऊन बसले. मोठ्ठा श्वास सोडला, हसले, डोळे पुसले, परत हसले. मलाही एकदम भूक लागल्याचं जाणवलं.

आत सोडल्यावर वाटलं, आता हा माणूस बाळाला नखशिखांत तपासणार. पाळण्यात लालबुंद पोरगी टाहो फोडत होती. सरांनी तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि ते थेट वहिनींच्या पलंगाशी गेले. कपाळावरचे केस मागे सारत म्हणाले, "लय थकली ना वं?"

"नाही."

"खोटं बोलते," सर मला म्हणाले, आणि नर्ससमोरच वहिनींचे पाय चेपायला बसले.