प्रामाणिकपणा : लेखी तीस, प्रात्यक्षिक वीस

आमच्या सेक्टरातल्या शाळेचा दहावीचा निकाल सलग सहा वर्षं शंभर टक्के लागत आला होता आणि या यशात नववीत नापास होणाऱ्यांचा वाटा मोठा होता. जे मूल दहावीत अडखळेल अशी नुसती शंका यायची, त्याला नववीतच थांबवलं जायचं किंवा हातात दाखला ठेवून प्रेमाने दुसऱ्या शाळेकडे रवाना केलं जायचं. त्यामुळे आमच्याकडे नेरुळात दहावीपेक्षा नववीची धास्ती जास्त. शहाण्णव साली आमची प्रियदर्शिनी नववीत गेली, तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे उज्वलाने, पहिल्याच दिवशी घरातली केबल काढून टाकली.

त्या वर्षी सहामाहीत एक प्रकार घडला. गणिताच्या पेपरात बत्तीस मुलांनी एकाच ठिकाणी एकच चूक केली होती. मुख्याध्यापक नामदेवसरांनी याची गंभीर दखल घेतली. मुलं कॉपी करतात याचा अर्थ त्यांच्यात प्रामाणिकपणा कमी आहे, आणि तो कमी का आहे, तर त्याला मार्क नाहीत, असं निदान झालं. पुढच्या सोमवारी परिपत्रक आलं: 'विद्यार्थ्यांच्या अंगी प्रामाणिकपणा बाणावा या हेतूने सदर विषय चालू वर्षापासून सक्तीचा करण्यात येत आहे. लेखी तीस गुण, प्रात्यक्षिक वीस. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास दहावीत प्रवेश मिळणार नाही, याची पालकांनी नोंद घ्यावी.'

पालकांनी लगेच नोंद घेतली. आठवड्याभरात वाशीला क्लास निघाला. लेखीचं फार अवघड नव्हतं: व्याख्या पाठ करायची, प्रामाणिकपणाचे फायदे लिहायचे (कोणतेही पाच), आणि प्रामाणिकपणा व खरेपणा यांतला फरक तक्ता आखून दाखवायचा. प्रियदर्शिनीने वर्गात विचारलं, "सर, फायदा नसला तर प्रामाणिक राहायचं का?" हा भाग अभ्यासक्रमात नाही, असं तिला सांगण्यात आलं.

खरी गोची प्रात्यक्षिकाची. प्रत्येक मुलाने सापडलेल्या दहा वस्तू मालकाला परत करायच्या आणि प्रात्यक्षिक वहीत मालकाची सही आणायची. वस्तूंची यादी शाळेने दिली होती: छत्री, पेन, पाकीट, चष्मा, किल्ली, रुमाल, डबा. तीन तुकड्या, एकशे ऐंशी मुलं, म्हणजे मार्चपर्यंत अठराशे वस्तू हरवायला हव्या होत्या. आमची वस्ती पडली नोकरदारांची. दोन वर्षांत मिळून एखादी छत्री हरवणार, तीही शोधून आणणार.

तेव्हा पालकांनीच पुढाकार घेतला आणि हरवायला सुरुवात केली. शेजारच्या नंदिनीवहिनी रोज सकाळी बसस्टॉपवर किल्ली टाकायच्या आणि पाच पावलं मागून येणारा त्यांचा राजवर्धन ती उचलायचा. तळमजल्यावरच्या आजोबांचा चष्मा एका आठवड्यात चौदा वेळा सापडला. मधल्या काळात ते दोनदा भलत्याच घरात जाऊन जेवले. मी बागेतल्या बाकावर छत्री विसरून पाच मिनिटांनी परत गेलो, तर दोन पोरं तिच्यासाठी एकमेकांच्या उरावर बसली होती. 'मी पयला प्रामाणिक' असा दोघांचा दावा होता. छत्रीचे दोन तुकडे झाले आणि मी दोन सह्या केल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर पाटीच लावली: 'प्रामाणिकपणाच्या सह्या सकाळी सात ते नऊ. रविवारी बंद.'

जानेवारीत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या गंगारामने हा ताण कायमचा मिटवला. त्याच्याकडे भरलेल्या वह्या मिळू लागल्या. साध्या वहीत दहा सह्या, निळी आणि काळी शाई आलटून पालटून. डिलक्समध्ये त्याखेरीज एक आभारपत्र आणि खरं वाटावं म्हणून चहाचा एक डाग.

आमच्या प्रियदर्शिनीची वही मात्र कोरी होती. "पप्पा, मला काय सापडलंच नाय, तर लिहू काय?" असं ती म्हणायची. मग एका रविवारी तिला खरोखरच सापडलं. करावे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक रेशनकार्ड पडलं होतं. नाव वाचून ती तशीच गावात गेली, चार घरं विचारत गिरजाबाई नावाच्या कोळणीपर्यंत पोचली आणि कार्ड देऊन आली. येताना हातात सुक्या बोंबलांचा वाटा होता.

"सही आणलीस का?" मी आधी तेच विचारलं.

"त्यांना लिहिता येत नाय. आणि त्या रडत होत्या, पप्पा. तेव्हा सही कशी मागू?"

आपल्या पोटी असलं लेकरू जन्मावं याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. तो सोमवारी शाळा उघडेपर्यंत टिकला. मी गिरजाबाईंनाच घेऊन नामदेवसरांपुढे उभा राहिलो आणि बोंबलांसकट सगळं सांगितलं.

"गुरुजी, ही पोर लय गुनाची हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "कारड गेला असता त राकेल कोन देनार व्हता माला? कुठं अंगठा लावू, सांगा."

सरांनी वही उलटसुलट पाहिली. "हौसेराव, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण अंगठ्याची तरतूद नाही. रेशनकार्ड यादीत नाही. उद्या कोणी सापडलेली म्हैस घेऊन येईल, आम्ही किती मार्क द्यायचे? त्यात घटना रविवारची, म्हणजे शालेय कामकाजाच्या दिवसाबाहेरची." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि बोंबील घेतले म्हणता?"

"घेतले," मी म्हणालो.

"म्हणजे मोबदला स्वीकारला. याचे दोन मार्क वजा होतात."

"बोंबील काय मोबदला असतो काय, गुरुजी?" गिरजाबाई म्हणाल्या. "पोर उन्हातनं आली, तिला रिकाम्या हातानं धाडू?" सरांनी हे टिपून घेतलं नाही.

आता मी काय करायला हवं होतं? मला माहीत आहे, तुम्हीही तेच केलं असतं. मी गंगारामकडे गेलो. त्याचा माल संपला होता. शेवटी मी तिचीच कोरी वही घेतली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून दहा माणसांच्या दहा सह्या केल्या. रबाळ्याच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. पंधरा वर्षं लोकांच्या हजेरीच्या सह्या बघतोय, त्यामुळे काम बरं जमलं. प्रियदर्शिनी दारात उभी राहून बघत होती. वही मीच शाळेत नेऊन दिली.

लेखी परीक्षेत शेवटचा प्रश्न दोन मार्कांचा होता: 'तुम्ही आपली प्रात्यक्षिक वही प्रामाणिकपणे भरली आहे काय?' क्लासच्या नोट्समध्ये याचं आदर्श उत्तर दिलेलं होतं. 'होय.' एकशे एकोणऐंशी मुलांनी तेच लिहिलं. आमच्या मुलीने लिहिलं: 'नाही. माझी वही पप्पांनी भरली आहे. दहाही सह्या त्यांच्या आहेत. मी एक रेशनकार्ड परत दिले होते, पण ते चालत नाही.'

मला तातडीने बोलावणं आलं.

"शाळेच्या इतिहासात प्रामाणिकपणाच्या विषयात गैरप्रकाराची ही पहिली केस आहे," सर कष्टी आवाजात म्हणाले. "बाकी एकशे एकोणऐंशी मुलं स्वच्छ आहेत."

"सर, त्यांच्या वह्या कुठनं आल्या ते सगळ्या सेक्टरला ठाऊक आहे."

"असेल. पण त्यांनी 'होय' लिहिलंय. आमच्याकडे लेखी पुरावा आहे." त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. एक शाळा सोडल्याचा दाखला होता, नावासकट तयार. दुसरा अर्ज होता: 'मी परीक्षेच्या तणावाखाली खोटे उत्तर लिहिले. प्रत्यक्षात माझी वही मी स्वतः भरली आहे.'

"म्हणजे पोरीने लिहून द्यायचं की ती खोटं बोलली?"

"तेवढं दिलं की प्रामाणिकपणात पास. मी स्वतः शिफारस करीन. मुलगी हुशार आहे हो."

अर्ज घेऊन घरी आलो. प्रियदर्शिनीने तो दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मी खरं लिहिलंय. ते खोटं होतं, असं कसं लिहू?"

"अगं, एका सहीचा प्रश्न आहे," उज्वला काकुळतीला आली. "वर्ष जाईल. मैत्रिणी पुढं जातील. एवढं टेन्शन कशाला घेते?"

"मग मी राहते नववीत," ती म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे काढू लागली. पाठमोरी होती. खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता.

मी अर्ज ओट्यावर नेला आणि तिची सही केली. लाज वाटली, नाही असं नाही. पण अक्षर हलण्याइतकी नाही. अकरावी सही होती ती, हात बसला होता.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे हळहळतात, शिक्षणाचा कसा धंदा झालाय यावर दोन शब्द बोलतात आणि चहा संपवतात. मुलगी तेव्हापासून घरात मोजकंच का बोलते, पुढे आपल्या प्रगतिपुस्तकावर माझी सही न घेता आईकडून का घ्यायची, हे आजपर्यंत कोणीही विचारलेलं नाही. उठता उठता विचारतात ते एकच, आणि तुमच्याही ओठांवर तेच आलंय, तेव्हा सांगूनच टाकतो. पन्नासपैकी सेहेचाळीस पडले.