सामाईक पिशवीचा मानकरी

"समुद्रकिनाऱ्यानं चालायचं म्हणजे काय, एका हाताला समुद्र ठेवायचा आणि चालत सुटायचं! यात चुकण्यासारखं आहेच काय?" निघायच्या आदल्या संध्याकाळी मुकादम बायकोला म्हणाला. त्यात त्याचं चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. समुद्र शेवटपर्यंत त्याच हाताला राहिला. चुकलं ते बाकीचं सगळं.

मुकादम म्हणजे काही खराखुरा मुकादम नव्हे. तो एका कारखान्याच्या भांडार विभागाचा प्रमुख. जुनं पेन संपल्याचं दाखवल्याशिवाय तो नवं देत नसे, आणि संपलेल्या पेनानं आधी स्वतः चार रेघा ओढून बघत असे. एखादी जरी उमटली तरी माणूस परत जागेवर! त्याचा हा स्वभाव कॉलेजपासूनचा. म्हणून दोस्तांनी तेव्हाच त्याचं बारसं केलं होतं.

दोस्त दोनच. एक दंतवैद्य, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि दुसरा वकील. दरवर्षी हे तिघं पाठीवर पिशव्या मारून कुठंतरी चालायला जात. प्रत्येकाची आपली एक पिशवी, आणि शिवाय एक सामाईक पिशवी. तिच्यात स्टोव्ह, चहा, साखर, बिस्किटं, दोरी, औषधं, विजेरी असा सगळा संसार. ही सामाईक पिशवी कायम मुकादमाच्या खांद्यावर. चहा कधी, मुक्काम कुठं, कोणाला किती बिस्किटं, हे पिशवीवाला ठरवणार असा रिवाजच पडला होता. आजवर हा मान त्याच्याकडून कोणी मागितला नव्हता. आता पिशवी जवळजवळ डॉक्टरच्या बायकोएवढी जड होती म्हणून मागितला नसेल, पण मुकादमाच्या मनाला ती शंका कधी शिवली नाही.

"आलटून पालटून घ्या की," बायको म्हणाली. "मागच्या वर्षी आल्यावर आठवडाभर मान वाकडी करून हिंडत होतात. शेजारीण मला विचारत होती, तुमचे हे सारखे आमच्याच खिडकीत का बघतात म्हणून!"

"या खांद्यावरून ती पिशवी खाली उतरेल ती मी आडवा झाल्यावरच!" मुकादमानं जाहीर केलं.

सकाळी बसस्थानकावर बघतो तो दोघांच्या जागी तिघं उभे. तिसरा म्हणजे डॉक्टरचा मेहुणा.

"हिनं गळ्यात मारला रे," डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "म्हणाली, माझ्या भावाला नेणार नसाल तर तुम्हीही जाऊ नका."

मेहुणा पन्नाशीला टेकलेला, पण पोट म्हणून नाही! खांद्यावर एवढीशी पिशवी, जणू शेजारच्या गल्लीत दही आणायला निघालाय. तो लगबगीनं पुढे आला, मुकादमाच्या पाया पडल्यासारखं वाकला आणि म्हणाला, "दादा, ती जड पिशवी द्या इकडे. मी असताना तुम्ही कशाला?"

दादा! फार तर दोन वर्षांनी लहान असेल!

"राहू दे," मुकादम म्हणाला. "सवय लागते त्याला."

पहिल्याच दिवशी मुकादमाचा तिळपापड झाला. नारळांच्या सावलीत चहाला थांबले, तर स्टोव्ह पेटेना. मुकादम पंप मारमारून घामाघूम झाला. मेहुण्यानं खिशातून टाचणी काढली, बर्नरच्या भोकात एकदा खुपसली, आणि स्टोव्ह असा भडकला की मुकादमाची भुवई थोडक्यात वाचली.

"वा! याला म्हणतात हात!" वकील म्हणाला. हा तोच वकील, ज्यानं स्वतःच्या लग्नात नवरी कशी वाटली असं विचारल्यावर "पुरावे बघावे लागतील" म्हटलं होतं!

पुढं खाडी लागली. मेहुण्यानं पाण्याचा रंग बघून उतार शोधला. खेकडा डॉक्टरच्या अंगठ्याला लटकला, तो मेहुण्यानं गोड बोलून सोडवला. त्यानं एक विनोद सांगितला, आणि डॉक्टर हसून हसून वाळूत बसला. तोच विनोद मुकादमानं त्याला मागल्या वर्षी सांगितला होता. तेव्हा तो "हं" म्हणाला होता!

संध्याकाळी एका खाणावळीच्या मागच्या खोलीत चार खाटा मिळाल्या. पंखा फिरण्यापेक्षा कुरकुरत जास्त होता. मुकादम पालथा पडला होता, आणि मेहुणा त्याच्या पाठीला तेल चोळत होता. नको म्हणायलाही त्याला मान वळवता येत नव्हती.

"ठरलं," डॉक्टर म्हणाला. "उद्यापासून सामाईक पिशवी मेहुण्याकडे."

"ठराव एकमतानं मंजूर," वकील म्हणाला.

"माझं मत?" मुकादम उशीत तोंड खुपसून ओरडला.

"तू आडवा आहेस ना? आडव्या माणसाला मत नसतं," वकिलानं निकाल दिला. मग त्यानं रोजच्याप्रमाणे तोंडातली कवळी काढली. ही कवळी डॉक्टरनं स्वतःच्या हातानं बनवलेली, त्यामुळे प्रवासात ती खास जपली जाई. वकिलानं ती डबीत घातली, आणि डबी सामाईक पिशवीच्या कप्प्यात. पण पिशवी आता मेहुण्याच्या खाटेखाली होती!

मुकादमाच्या काळजाला घरं पडली. आज पिशवी गेली. उद्या चहा कधी ते मेहुणा ठरवणार, परवा बिस्किटं मेहुणा वाटणार, आणि पुढल्या वर्षी? पुढल्या वर्षी हे तिघं जाणार, आणि डॉक्टर म्हणणार, 'मुकादमाला नेणार नसाल तर तुम्हीही जाऊ नका' असं आम्हाला बजावणारं याचं कोणी आहे का? नाही ना? मग राहू दे!

उजाडताना सगळे घोरत होते. मुकादम रांगत गेला आणि पिशवी ओढून घेऊन किनाऱ्यावर आला. बेत अगदी सरळ होता. पिशवी दडवायची. मेहुण्याकडून पहिल्याच दिवशी पिशवी हरवली म्हणून हाहाकार होऊ द्यायचा. मग आपण शांतपणे ती शोधून आणायची. पुन्हा कोणाची बिशाद आहे बोलायची!

वाळूवर एक निळी होडी पालथी घातलेली होती. मुकादम तिच्याखाली शिरला, आणि पिशवीचा पट्टा होडीच्या आडव्या फळीला आपल्या खास भांडारातल्या गाठीनं बांधला. ही गाठ कारखान्यात दुसऱ्या कोणाला सुटत नसे. मग येऊन तो खाटेवर पडला, आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ झोप त्याला लागली. इथंच घोटाळा झाला.

जाग आली ती वकिलाच्या भाषणानं. वकील हातवारे करत तावातावानं बोलत होता, आणि दात नसल्यामुळे कोणाला अवाक्षर कळत नव्हतं. तसं ते कोर्टातही कळत नसे, पण तिथं फी मिळे.

"पिशवी गेली! कवळी गेली!" डॉक्टर डोकं धरून बसला होता. "अरे, महिनाभर खपून बनवली होती मी ती!"

मुकादमानं सावकाश जांभई दिली. "माझ्याकडे असताना कधी हरवली होती का रे?"

"चुकलंच माझं, दादा," मेहुणा म्हणाला. "खाट सोडून हलायलाच नको होतं. मी वरच्या रस्त्यानं बघून येतो."

"बघ, बघ. सगळीकडे बघ," मुकादम उदार मनानं म्हणाला. त्यानं तोंड धुतलं, दाढी केली, भांग पाडला. विजयाची घाई कशाला? मग तो शीळ घालत किनाऱ्यावर गेला.

होडी नव्हती!

जिथं होडी होती तिथं वाळूत एक लांबट खळगा होता, आणि खळग्यात एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. मुकादमानं त्याला उठवून खाली बघितलं. मग समुद्राकडे बघितलं. समुद्रात निळ्या होड्याच होड्या! देवाला दुसरा रंग मिळाला नव्हता की काय कोण जाणे.

"अहो! ए होडीवाले! पिशवी!" तो टॉवेल फडकावत पाण्यात धावला. गुडघाभर पाण्यात गेला, कमरेएवढ्या पाण्यात गेला. एक लाट तोंडात गेल्यावर हाकेची नुसती गुळणी झाली.

"बुडतोय! माणूस बुडतोय!" किनाऱ्यावर कोणीतरी ओरडलं.

पुढं काय झालं असेल? वरच्या रस्त्यावरून मेहुणा धावत आला आणि त्यानं कपड्यांसकट उडी मारली!

"अरे, सोड! उभा आहे मी! पाय टेकलेत!" मुकादम ओरडत होता.

"घाबरू नका दादा! मी आहे!" असं म्हणत मेहुण्यानं त्याचा नुकता पाडलेला भांग मुठीत धरला आणि त्याला किनाऱ्यापर्यंत फरपटत आणला. पाणी घोट्याएवढं झालं तरी सोडीना! जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं मेहुण्याला मिठी मारली. वकिलानं बोळक्या तोंडानं त्याचा मुका घेतला. मुकादमाला कोणीतरी पालथा करून पोटातलं पाणी काढलं. पोटात पाणी नव्हतं, पण ऐकतो कोण!

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक निळी होडी किनाऱ्याला लागली. होडीची मालकीण म्हणजे चांगली धिप्पाड बाई. एका खांद्यावर जाळं, दुसऱ्या खांद्यावर सामाईक पिशवी!

"ही कोणाची?" तिनं गरजून विचारलं. "होडी सरळ करायला उचलली तर फळीला वटवाघळासारखी लोंबत होती. गाठ सुटेना, आणि ओहोटी काय आमच्यासाठी थांबते? तशीच नेली, शेवटी पट्ट्याचं टोक कापून सोडवली. चहा केला तुमच्यातला. साखर जुनी आहे. आणि डबीत दात कोणाचे? तंबाखू असेल म्हणून आमच्या माणसानं उघडली, तेव्हापासून तो नामस्मरण करतोय!"

वकिलानं झडप घालून डबी घेतली, दात बसवले आणि कोर्टाच्या आवाजात विचारलं, "प्रश्न असा आहे की पिशवी होडीखाली बांधली कोणी?"

समुद्रानं मघाशीच मुकादमाला गिळून टाकलं असतं तर बरं झालं असतं!

मेहुण्यानं पट्ट्यावर तशीच राहिलेली गाठ बघितली. मग एक क्षण मुकादमाकडे बघितलं. आणि मान खाली घालून म्हणाला, "मी बांधली, दाजी. खोलीत उकडत होतं. साखर पाघळेल, बिस्किटं मऊ पडतील, म्हणून पहाटे गार सावलीत ठेवली. आणि साफ विसरलो. तुम्ही सगळे चिडाल म्हणून बोललो नाही."

मुकादमानं सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच आत गेला.

"केवढी ही काळजी!" डॉक्टरनं त्याची पाठ थोपटली. "बिस्किटांसाठी पहाटे उठला रे!"

"आणि कबूल केलं! तोंडावर कबूल केलं!" वकील म्हणाला. "उभ्या आयुष्यात असा अशील बघितला नाही मी."

"पण गाठ काय पक्की हो!" होडीवाली म्हणाली. "आमच्यात कोणाला येत नाही असली."

"दादांचं बघून शिकलो," मेहुणा म्हणाला.

"एका दिवसात!" डॉक्टर म्हणाला. "आम्हाला जन्मात आली नाही!"

आता मात्र मुकादमाच्या अंगाची लाही लाही झाली. पिशवी नेलीस, ठीक. मित्र नेलेस, ठीक. पण माणसाचा स्वतःचा गुन्हाही न्यायचा?

"थांबा!" तो ओरडला. "खोटं बोलतोय हा! मी बांधली! याची फजिती व्हावी म्हणून मी पिशवी दडवली! ती गाठ माझी आहे, माझी!"

डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे रे," तो हळू आवाजात म्हणाला. "याचं कौतुक झालं की तुला बघवत नाही, हे कालपासून बघतोय आम्ही. पण म्हणून दुसऱ्याची चूकसुद्धा हिसकावून घ्यायची?"

"मारून दाखवतो गाठ! आण ती दोरी!"

त्यानं दोरी घेतली. पण रागाच्या भरात कुठलं टोक कुठून घालायचं तेच त्याला आठवेना. दोरीचा एक गुंता झाला, त्या गुंत्यात अंगठा अडकला, आणि शेवटी मेहुण्यालाच तो सोडवावा लागला.

"पक्षकाराचा दावा फेटाळण्यात येत आहे," वकील म्हणाला.

मंडळी पुढं निघाली. पिशवी मेहुण्याच्या खांद्यावर, आणि त्याच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वकील. मुकादम मागं राहिला. थोड्या वेळानं मेहुणा बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं थांबला आणि त्याच्या कानाशी लागला.

"दादा, मला माहीत आहे तुम्हीच बांधली होती ते. पण काळजी करू नका. जीव गेला तरी मी कोणाला सांगणार नाही!"

मुकादमानं त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. आवाज रडवेला झाला होता.

"सांग की रे लेका! कोणाला तरी सांग!"