आप्पा म्हणतात, आ करा

आमच्या सावेडीच्या बिल्डिंगमध्ये आप्पा मुलाकडे राहायला आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी पेढे घेऊन गेलो. आप्पांनी पेढ्याकडे पाहिलंही नाही. माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, "आ करा."

मी केला. का केला, ते आजही सांगता येत नाही.

"जुळलाय," त्यांनी निकाल दिला. "पन कडंचा झिजलाय. बेतानं वापरा."

आप्पांनी उभा जन्म घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली केली. दात बघून वय सांगायचं. दुधाचे दात तो आदत, मग दोनदाती, चारदाती, आणि सगळे आले की जुळलेला. धंदा सुटला, खोड राहिली. सोसायटीचा चेअरमन त्यांच्या लेखी अजून चारदातीच. माझी सासू एकदा लिफ्टमध्ये त्यांच्या तावडीत सापडली. तेव्हापासून ती गुडघे दुखत असूनही जिन्यानेच येते. येणं थांबवलेलं नाही, हे माझं नशीब.

स्वतःचं तोंड मात्र ते कुणाला दिसू देत नसत. हसू आलं की उपरणं तोंडावर. जेवायला बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. वर फुशारकी, "माजे दात? दगडावानी! सूनबाईची भाकरीच लई मऊ, त्यांना कामच न्हाई."

सूनबाई म्हणजे मनीषा. तिचा ब्रूनो नावाचा म्हातारा पांढरा कुत्रा आप्पांच्या आधीपासून घरात होता. आप्पांनी पहिल्याच दिवशी त्याचा ओठ उचलला आणि हादरले.

"वरल्या जबड्यात फुडं दात! बैलाला असत्यात का कदी? सूनबाई, तुमाला फसवलं!"

मनीषा बोटात घालायच्या ब्रशने, चिकनच्या वासाची पेस्ट लावून ब्रूनोचे दात घासायची. त्यावर आप्पा म्हणत, "पोळ्याला आमी शिंगं रंगवली, पन दात न्हाई घासले." तरी ब्रूनो दिवसभर लोळायचा तो त्यांच्याच खाटेखाली.

मध्यंतरी ब्रूनोने खाणं सोडलं. गाल सुजला, पंजाने सारखं तोंड खाजवायचा, आणि तोंडाला वास असा की मीही जिना वापरू लागलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मुळं कुजली होती, आत पू झाला होता. भूल देऊन जवळजवळ सगळे दात काढावे लागणार होते, नाहीतर कुत्रा उपाशी मेला असता.

ऑपरेशनच्या सकाळी आप्पांचा मुलगा बाहेरगावी होता, म्हणून गाडी माझी. बघतो तर आप्पा ब्रूनोला मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसलेले.

"दात काढू नका."

"आप्पा, भूल देतात. दुखत नाही," मनीषा म्हणाली.

"दुखायचं म्हनत न्हाई मी. दात गेलेलं जनावर कोन ठेवतं? दात झिजले की मालक बाजारात आनतो, माज्या हातात कासरा देतो, अन् मागं वळून बघत न्हाई. लई बघितलेत."

मनीषाने ब्रूनोला अलगद उचललं. आप्पाही चपला अडकवून मागोमाग निघाले.

दवाखान्यात ते बाकावर बसून राहिले. समोर एक मांजरवाल्या बाई चांगल्या घसघशीत जांभया देत होत्या, पण आप्पांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा मला त्यांची खरीच काळजी वाटली.

ब्रूनो बाहेर आला तो झिंगलेला, जीभ एका बाजूला लोंबणारी. "जखमा भरेपर्यंत अगदी मऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "नंतर बघा, किती मजेत जेवतो."

मनीषाने त्याला ओढणीत गुंडाळलं. "चल राजा, घरी."

गाडीत आप्पा तिच्या शेजारी मागे बसले. मग त्यांनी उपरणं खाली घेतलं आणि तिच्यासमोर आ केला. मला आरशात दिसलं. पुढे एकच दात होता, तोही कलंडलेला.

"सूनबाई, माजेबी गेलेत."

मनीषा ब्रूनोला थोपटत होती. "ठाऊक आहे, आप्पा. तुमच्यापुरती भाकरी मी रोज उकड काढून वेगळी थापते. आम्ही कडकच खातो."

मी कारण नसताना हॉर्न वाजवला.

"मंग आता ह्याच्यासाटीबी एक थापा," आप्पा म्हणाले, आणि तोंड भरून हसले. उपरणं मांडीवरच होतं.