डिझेलमुक्त साइटचा जनरेटर ऑपरेटर

अरे ऐका तर! अर्धापूरजवळ आम्ही सभागृह बांधून राहिलो ना, त्या साइटवर डिझेल वाचवायला बॅटरी आली, अन् त्या दिवसापासून जनरेटर दुप्पट चालू लागला. खोटं न्हाई सांगत. सुपरवायझर म्हणून रोजच्या रिपोर्टवर सही माझीच असती.

बॅटरी म्हणजे मोबाइलमधली न्हाई, चाकावरचं कपाट! सोबत परिपत्रक आलं. "साइटवरील कोणतेही मशीन थेट जनरेटरवर चालवू नये. जनरेटरचा वापर फक्त बॅटरी चार्ज करण्यापुरता करावा." झालं! जनरेटर वीज देणार बॅटरीला, बॅटरी देणार मशीनला. मधी बॅटरी नुसती दलाल.

आमचे जनरेटर ऑपरेटर देविदासमामा, मुरुडचे. अकरा वर्षं त्याच जनरेटरपाशी बसलेले. परिपत्रक ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "माझी नोकरी राहती का रे बापू? सिंधु लातूरला क्लासला हाय. नोकरी गेली तर पोरीला परत आणावं लागंल."

"मामा, तुमच्याशिवाय बॅटरी चार्ज कोण करंल?" मी म्हणालो.

आता मे महिना. बॅटरी पस्तीस डिग्रीच्या वर तापली की आपोआप बंद, असं तिच्यावरच लिहिलेलं. बाहेर त्रेचाळीस! मग इंजिनिअर शिल्पा मॅडमनी तिच्यासाठी पत्र्याची खोली बांधली, दोन एसी बसवले. एसी कशावर? बॅटरीवर. बॅटरी कशावर? मामांच्या जनरेटरवर. म्हणजे दिवसभर डिझेल जाळून आम्ही बॅटरी भरायचो, अन् ती सगळी वीज स्वतःला गार करण्यात उडवायची. सळई कापायच्या मशीनला काहीच उरंना. मिस्त्री हातकरवतीवर आले. जेवायला मात्र सगळे बॅटरीच्या खोलीत, अंगावर चादरी घेऊन.

"मॅडम, रिपोर्टात काय लिहू?"

"बॅटरीतून किती युनिट घेतले ते लिही."

"अन् डिझेल?"

"फॉर्मात डिझेलचा रकानाच न्हाई."

रकाना न्हाई म्हणजे डिझेल न्हाई. वरच्या ऑफिसात आमची साइट जिल्ह्यातली पहिली डिझेलमुक्त साइट ठरली, अन् कमिटी बघायला निघाली!

लई पळापळ झाली. जनरेटर ओढत नेऊन शेजारच्या दगडोबाच्या केळीच्या बागेत लपवला, मामांना तिथंच बसवलं, लांब केबल टाकली. कमिटी आली. बॅटरीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, फोटो झाले. तेवढ्यात कमिटीच्या मोठ्या साहेबांना केळीतून काळा धूर वर जाताना दिसला.

"तो धूर कसला?"

मॅडम माझ्याकडं, मी मॅडमकडं. तोंडातून निघून गेलं, "सर, केळी पिकवून राहिलेत."

"झाडावरच?"

"हाव सर. नवीन पद्धत हाय."

"अन् ही धडधड?"

"धुराचा पंप, सर."

साहेबांनी दगडोबालाच बोलावून घेतलं. "किती दिवसांत पिकतात?"

दगडोबा एकदम बिनधास्त. "दिवस कशाला साहेब, धूर बघूनच घाबरून पिकतेत."

साहेबांनी डायरीत लिहून घेतलं.

आठ दिवसांनी दोन कागद आले. एक प्रशस्तिपत्र. दुसऱ्यावर लिहिलेलं, "डिझेलमुक्त साइटवर जनरेटर ऑपरेटरची आवश्यकता नाही. सबब पद रद्द." मामांनी कागद तीनदा वाचला, जनरेटर बंद केला, चावी खिशात टाकली अन् एसटी स्टँडवर जाऊन बसले.

अर्ध्या तासात बॅटरी रिकामी. एसी बंद, खोलीची भट्टी, बॅटरी जोरात किंचाळली अन् मुकी झाली. मी अन् मॅडम स्टँडकडं पळालो.

"मामा, चला माघारी."

"कोणत्या पदावर? डिझेलमुक्त साइटवर डिझेलवाला कसा दाखवता मॅडम?" मामा बॅगेवरचा हात काढंनात.

मॅडमनी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, ऑपरेटर अजिबात जमणार न्हाई. पण केळीच्या धुराची योजना मंजूर झालीय, तिला माणूस पाहिजेच.

तर आता मामा कोण? "धूम्र-पक्वन मार्गदर्शक, केळी." जनरेटर तोच, चावी तीच, वरून केळीची सावली. सिंधुचा क्लास चालू हाय. अन् दगडोबाची केळी अजून हिरवीगार!

हसा, हसा. मार्गदर्शक नेमला की प्रशिक्षण आलंच. परवा त्याचा ऑनलाइन फॉर्म निघाला, दोन तासांत जागा फुल! यादी मीच लावली. हिरवी केळी धुरानं झाडावर पिकतेत का, असं एकानंही विचारलं न्हाई. सगळ्यांचा एकच सवाल, सर्टिफिकेट भेटतंय ना?

सत्यम, तू का रे गप झालास? तुझा नंबर सातवा हाय. अन् बाकीच्यांनी त्याच्याकडं बघून हसू नका, तुमची नावं वेटिंगला हायत.